चार वितींचा खण

मुलांनो, डोळे मिटायची गरज नाही. उघडे ठेवूनच कल्पना करा.

सकाळी तुम्ही उठलात. दुधात साखर घालायला फळीकडे गेलात, तर साखरेचा डबा चौपट मोठा झालेला. साखर तेवढीच आहे, तळाशी चार चमचे. डबा मात्र तुमच्या कमरेला लागतो. मिठाचा तसाच, मोहरीचा तसाच. फळी काही वाढलेली नाही, त्यामुळे चार डब्यांच्या जागी एकच मावतोय आणि बाकीचे तीन खाली जमिनीवर उभे आहेत, न कळवता आलेल्या पाहुण्यांसारखे.

खाडीकाठच्या एका गावात, एका सोमवारी, हे असंच झालं. कुणी ओरडलं नाही. शेजारच्या घारूकाकू हळद आणायला म्हणून डब्यात उतरल्या आणि भाजी करपल्यावर वर आल्या. "हळद होती, पण लांब होती," एवढंच त्या म्हणाल्या.

सुरंगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्या घराला रविवारपर्यंत चार खोल्या होत्या. सोमवारी एकच होती, चारांएवढी. एका खोलीत एकच काम चालायचं, अशी त्या गावची रीत. तेव्हा बाबांनी थोडा वेळ विचार केला आणि स्वयंपाक निवडला. त्या दिवसापासून त्या घरात झोपणं बंद झालं.

"मग झोपायचं कुठे?" सुरंगीने विचारलं.

"बघू," बाबा म्हणाले. "आधी कोठारात जाऊन येऊ. तिथे काय झालंय कोण जाणे."

आता कोठार म्हणजे काय, ते सांगतो. घाई नाही.

गावाच्या टेकडीवर एक लांबलचक इमारत होती, दोनशे छप्पन्न वितींची. पंजा ताणून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत जे अंतर होतं ती वीत. मोजून बघा, मी थांबतो. त्या इमारतीत एकामागे एक असे चौसष्ट खण होते, प्रत्येक चार वितींचा. गावाला जे हरवायचं नसे ते तिथे ठेवत. कुणी वडिलांचं खोकणं ठेवलं होतं. कुणी जुन्या घरातल्या पेजेचा वास, कुणी बुडालेल्या भावाची शिट्टी. खणाच्या दारावर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव.

नियम दोनच होते. पहिला असा, की अर्धा खण कुणालाच मिळत नाही. वस्तू एका वितीची असली तरी खण अख्खा तिचा. वस्तू मोठी असली तर लागतील तितके अख्खे खण. दुसरा नियम असा, की वस्तू संपल्यावर खणात जी जागा उरते ती पांढरी असली पाहिजे. चुन्यासारखी पांढरी आणि मुकी. का, ते तुम्हीच सांगा. समजा, तुम्ही भावाची शिट्टी ऐकायला खण उघडला आणि शिट्टी संपल्यावर आतून दुसऱ्याच कुणाचं तरी रडणं ऐकू आलं. तुम्हाला आवडेल? आणि ज्याचं रडणं आहे त्याला?

सुरंगीचे बाबा, विश्राम पेडणेकर, या कोठाराचे तपासनीस होते. त्यांच्याकडे लाकडाच्या तीनशे पट्ट्या होत्या, त्यांच्या आजोबांच्या वेळच्या. प्रत्येक पट्टीवर एकेक तपासणी कोरलेली. पट्टी वाचायची, ती सांगेल तसं करायचं, आणि जे व्हायला हवं ते झालं नाही तर घंटा वाजवायची. सातवी पट्टी अशी होती: वस्तू कुठे संपते ते बघा. तिथून पुढे, दारापासून चार वीत भरेपर्यंत, हात फिरवा. काही लागलं तर घंटा वाजवा. घंटा वाजली की चुनेवाला कुंचला घेऊन येई आणि उरलेली जागा पांढरी करून जाई.

या तपासण्या आधी कोठाराबाहेरच्या मांडवात करून बघायच्या असत. तिथे तसेच काही खण होते, रिकामे, सरावाचे. त्यांत काहीही ठेवा, काढा, मोडा, कुणाचं काही जात नसे. तपासनीसाने एकच गोष्ट सांभाळायची, की आपण मांडवात उभे आहोत की आत, हे विसरायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी विश्राम ते विसरले होते. सकाळभर मांडवात पट्ट्या करून बघत होते. तहान लागली म्हणून पाणी प्यायला आत गेले आणि हातातली एक्केचाळिसावी पट्टी त्यांनी तिथेच वाचायला घेतली. ती म्हणत होती, पहिल्या खणाची चिठ्ठी काढा. त्यांनी काढली. कोठारातल्या पहिल्या खणापासून चौथ्यापर्यंत, अशा सोळा वितींत, सुरंगीच्या आईचा आवाज ठेवलेला होता. आई त्याच्या आदल्या वर्षी वारली होती. चिठ्ठी निघाली म्हणजे खण मोकळे झाले, असं कारकुनाने धरलं आणि दुपारच्या आत पहिला खण एका बोटीवरच्या खलाशाला दिला. खलाशाने त्यात कोटाचं बटण ठेवलं आणि तो निघून गेला. पुढचे तीन खण त्यानंतरही कुणी मागितले नव्हते.

विश्रामनी त्याच दिवशी घरी येऊन सुरंगीला सांगितलं. "बाय, मी चुकलो. आईचा आवाज गेला." मग त्यांनी तिच्या केसांची एक वेणी घातली, वाकडी, एका कानाकडे झुकलेली. पुढची तीन वर्षं ती तशीच झुकत राहिली.

तर, सोमवारी.

कोठार तेवढंच होतं. खण मात्र सोळा वितींचे झाले होते, त्यामुळे चौसष्टाऐवजी सोळाच उरले होते. चार चार खणांचा एकेक झाला, आणि ज्याचा नंबर आधी त्याची चिठ्ठी दारावर राहिली. बाकीच्या चिठ्ठ्या एका टोपलीत घालून पायरीवर ठेवल्या होत्या. माणसं येत, टोपलीत आपलं नाव शोधत, चिठ्ठी उचलत आणि घरी जात. एक म्हातारा बराच वेळ चिठ्ठीचा वास घेत उभा होता.

केळुसकरबाई या मुख्य तपासनीस. त्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. "पेडणेकर," त्या म्हणाल्या, "पट्ट्या लावून बघितल्या?"

विश्रामनी लावून बघितल्या. तीनशेपैकी दोनशे अकरा पट्ट्यांनी घंटा वाजवली. एक पट्टी म्हणत होती, खणात चार वीत कापड ठेवा, खण भरला पाहिजे. खण भरला नाही. घंटा. दुसरी म्हणत होती, चार वितींवर भिंत लागली पाहिजे. भिंत लागली नाही. घंटा. कोठाराचं यात काही चुकलं नव्हतं, हे लक्षात घ्या. खण सोळाचे होते आणि सोळाच्या खणासारखे वागत होते. चूक पट्ट्यांची होती.

सातवी पट्टी मात्र वाजली नाही. तिने चार वितींपर्यंत हात फिरवायला सांगितलं, विश्रामनी फिरवला, सगळं पांढरं होतं. पुढच्या बारा वितींना कुणी हात लावला नाही.

"बुधवारी दुपारी बारा वाजता तपासणी," केळुसकरबाई म्हणाल्या. "तोपर्यंत पट्ट्या खणांच्या मापाच्या करा. खोटी वाजणारी पट्टी मला नको. आणि खोटी गप्प बसणारी तर त्याहून नको."

मांडवात भिवा सुतार पटाशी आणि रंधा घेऊन बसला. विश्राम एकेक पट्टी द्यायचे, भिवा त्यावरचा चार तासून काढायचा आणि सोळा कोरायचा. सुरंगी भुसा गोळा करत होती.

"तुझ्या आजोबांना मी तेव्हाच विचारलं होतं," भिवा विश्रामना म्हणाला. "म्हटलं, तात्या, तीनशे वेळा चार कोरून घेताय, उद्या खण पाचाचा झाला म्हणजे? तर मला म्हणाले, भिवा, तुझं डोकं जरा रंध्याखाली धर."

"मग?" विश्रामनी विचारलं.

"मग काय? धरलं नाही म्हणून आज तुझ्या कामाला आलं."

संध्याकाळपर्यंत सगळे चार सोळा झाले. विश्रामनी त्या मांडवातल्या रिकाम्या खणांवर पुन्हा लावून बघितल्या, तर नव्वद घंटा. तेव्हा कळलं की चार सगळीकडे चार या रूपात नव्हता. एका पट्टीवर आठ होता, म्हणजे दोन खण. एकीवर तीन होता, म्हणजे खण संपायला एक वीत बाकी. ते शोधून कोरेपर्यंत भिवाच्या बोटाला फोड आला. आणि एका पट्टीवरचा चार खणाचा नव्हताच. पेटी उचलायला चार माणसं घ्या, असं तिथे लिहिलं होतं. तिथेही सोळा झाले होते.

"घे सोळा माणसं," भिवा म्हणाला. "पेटीला कड्या दोनच आहेत. बाकीच्यांनी एकमेकांना उचलावं."

विश्राम हसले. सुरंगीने त्यांना हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं. मग तिला दिसलं की त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवर काळ्या आडव्या रेघा उमटल्या आहेत, सारख्या अंतरावर. तिने ओल्या फडक्याने पुसून बघितल्या. त्या निघाल्या नाहीत.

मंगळवारी खण चौसष्ट वितींचे झाले.

कोठारात चारच खण उरले. पायरीवरची टोपली पुन्हा भरली. गल्लीतही तेच. चार घरांचं एक घर झालं आणि घारूकाकूंच्या घराचा नंबर आधीचा होता. एका घरात एकच कुटुंब. काकू दारात उभ्या राहून रडल्या. "विश्राम, मी काय करू रे? मला एवढ्या घराचं काय करायचंय? आमच्या ह्यांना हाक मारली की तिसऱ्या दिवशी ओ येईल." पण त्यांनी दार लावून घेतलं, कारण लावावंच लागतं. सुरंगी आणि बाबा दोन पिशव्या घेऊन मांडवात राहायला गेले.

भिवाने रात्रीचा फोड फुटलेलं बोट दाखवलं आणि पटाशी खाली ठेवली. मापाच्या सगळ्या पट्ट्यांवर सोळा कोरलेले होते आणि सोळा वितींचा खण जगात कुठेही नव्हता.

विश्राम जमिनीवर बसले. "चौसष्ट कोरू," ते म्हणाले. "मग उद्या काय कोरू?"

सुरंगी भुशात बोट फिरवत होती. "बाबा, आकडा कोरायचाच कशाला?" ती म्हणाली. "खणालाच विचारा ना, तू केवढा आहेस म्हणून. तो सांगेल ते घ्यायचं."

भिवाने तिच्याकडे बघितलं. मग विश्रामकडे बघितलं. "तात्यांच्या जागी ही असती," तो म्हणाला, "तर माझी पन्नास वर्षं वाचली असती."

दुपारपर्यंत त्यांनी मापाच्या प्रत्येक पट्टीवरचा आकडा तासून टाकला आणि सगळ्यात वर एकच ओळ कोरली: खणाला विचारा, तू केवढा? खाली जिथे जिथे सोळा होता तिथे आता फक्त 'तेवढा' होता. जिथे दोन खण होते तिथे 'तेवढा दोनदा'. पेटी पुन्हा चार माणसं उचलू लागली.

विश्रामनी दुसऱ्या खणापाशी जाऊन पट्टी वाचली. "तू केवढा?"

थोडा वेळ गेला. मग आतून, फार लांबून, विहिरीत घागर आपटावी तसा आवाज आला. "चौसष्ट."

"खोटं बोलला तर?" सुरंगीने विचारलं.

"खण खोटं बोलत नाही, बाय. तो म्हणतो तेवढाच तो असतो."

तीनशे पट्ट्या शांतपणे पार पडल्या. म्हणजे दोनशे नव्व्याण्णव. सातवी शेवटी करू म्हणून ठेवली होती आणि ती राहिली, कारण केळुसकरबाईंनी जेवायला बोलावलं.

बाबा जेवत होते तेव्हा सुरंगी पहिल्या खणात शिरली. तिला फक्त बटण बघायचं होतं. ते दाराशीच होतं, पितळेचं, एका वितीच्या चौकोनात. त्यापुढे तीन विती पांढऱ्या होत्या. पाय ठेवला की आवाज होत नव्हता. ती चालत गेली. पाचव्या वितीवर जमिनीचा रंग बदलला आणि कुणीतरी म्हणालं,

"...ये इकडे. वेणी राहिलीय."

सुरंगी उभी राहिली.

"पाठ कर. अशी नाही, उजेडाकडे. रिबीन कुठेय? तोंडात धर जरा. हलू नकोस गं, भांग वाकडा होतो. भाताला कढ आला का बघू दे. नाही आला. मान खाली. किती गुंता करून ठेवलायस, काल कुठे लोळलीस? दुखलं? संपलंच. आता दुसरी."

बारा विती होत्या त्या. सुरंगी सोळाव्या वितीपर्यंत गेली आणि मागे आली. आवाज पुन्हा तिथूनच सुरू झाला. "...ये इकडे. वेणी राहिलीय." त्याच्या आधी काहीतरी होतं, पहिल्या चार वितींत. कुणाला तरी मारलेली हाक असणार. तिथे आता बटण होतं आणि पांढरं.

तिने बाबांना हात धरून आणलं. हात लाकडासारखा लागला.

विश्राम पाचव्या वितीवर उभे राहिले. आवाज सुरू झाला, संपला. ते खाली बसले.

"चिठ्ठी काढली म्हणजे वस्तू जात नाही, बाय," ते म्हणाले. "वस्तूचं नाव जातं. ती तिथेच बसून असते, कुणी येऊन तिच्यावर बसेपर्यंत. चार खण जोडले गेले आणि ती बटणाच्या खणात आली."

"मग आपण नवी चिठ्ठी लावू."

"खण बटणाचा आहे. एका खणावर दोन चिठ्ठ्या नाहीत."

"बटण काढू."

"ज्याचं आहे त्यालाच काढता येतं. तो बोटीवर आहे."

"मग बटणालाच लांब करू. ते आईच्या पलीकडे संपतं असं लिहू."

विश्रामनी मान हलवली. "वस्तू लांबवली की मधली जागा पांढरी होते. ती एकशेबारावी पट्टी."

सुरंगीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग तिला सातवी पट्टी आठवली. वस्तू कुठे संपते ते बघा. तिथून पुढे, तेवढा भरेपर्यंत, हात फिरवा. काही लागलं तर घंटा वाजवा. सकाळी भुशात बोट फिरवता फिरवता तिनेच ते सुचवलं होतं. जुन्या पट्टीने हात चारवरच थांबला असता.

"बाबा, सातवी नका करू."

"सुरंगे."

"एकच तर आहे. दोनशे नव्व्याण्णव केल्यात ना तुम्ही? कुणाला कळणारे?"

"एकदा मी कुठे उभा आहे ते न बघता एक पट्टी वाचली होती," विश्राम म्हणाले. "त्या दिवसापासून मी ओळ सोडलेली नाही. आता सोडावीशी वाटली तरी..." त्यांनी उजवा हात वर केला. मनगटापासून कोपरापर्यंत तो सपाट झाला होता, त्यावर रेघा होत्या आणि कडेला जरासा भुसा लागला होता. "हा वाकत नाही, बाय. पट्टी वाचली की हा पुढे जातो."

ते उठले. दारापाशी गेल्यावर वळून म्हणाले, "मी काही ऐकलं नाही. तपासनीसाने ऐकलं की आजच लिहावं लागतं. ऐकलं नाही म्हणजे उद्या बारापर्यंत आहे."

त्यांनी दोन्ही कानांत कापूस घातला आणि मांडवात जाऊन बसले. सुरंगी पाचव्या वितीवर बसून राहिली. तिला पाठ झालं. पाठ झालेलं वेगळं असतं, हे तिला तेव्हा कळलं. ती तोंडाने म्हणून बघायची, "मान खाली," आणि मान कुणीच खाली करायचं नाही.

बुधवारी कोठारात एकच खण होता.

दोनशे छप्पन्न वितींचा. दारावर एकच चिठ्ठी, बटणाची. गावातही एकच घर होतं, त्याचं दार बंद होतं, आणि गाव सगळं टेकडीवर येऊन उभं होतं, प्रत्येकाच्या हातात आपापली चिठ्ठी. खोकण्याची, पेजेची, शिट्टीची. वाऱ्याने त्या फडफडत होत्या. आता सगळ्यांना माहीत होतं की नावं हातात आहेत आणि वस्तू आत आहेत, बटणाच्या मागे, एकीला लागून एक. चुनेवाला बादली ढवळत होता. एवढी मोठी बादली त्याने कधी भरली नव्हती.

केळुसकरबाईंच्या हातातही चिठ्ठी होती. तिच्यावर कुणाचं नाव होतं ते त्यांनी अंगठ्याने झाकलं होतं. "पेडणेकर," त्या म्हणाल्या, "मला हे आवडतंय असं समजू नका. पण बटण मागायला येईल त्याला बटणच मिळालं पाहिजे."

विश्रामच्या कानांत कापूस होता. त्यांनी मान हलवली. आता त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत पट्टी होता आणि गळ्यापाशीही एकदोन रेघा चढल्या होत्या. त्यांनी भिवाला विचारलं, "सुरंगी कुठेय?"

भिवाने मांडवात बघितलं. दोन पिशव्या होत्या. "इथेच कुठेतरी असेल," तो म्हणाला. "सकाळी मला विचारत होती, चार वीत म्हणजे किती? मी तिला दाखवलं. म्हणाली, गुडघे घेतले तर मी मावेन."

विश्रामना ऐकू आलं नाही.

बारा वाजले. पट्ट्या एकेक करून पार पडल्या, पहिली, दुसरी, सहावीपर्यंत; त्या दाराच्या आणि चिठ्ठीच्या होत्या, त्यांना खणाचं माप लागत नव्हतं. एकही घंटा वाजली नाही. केळुसकरबाई प्रत्येकीवर खूण करत होत्या. मग विश्रामनी सातवी उचलली, कानांतला कापूस काढला, कारण खणाचं उत्तर ऐकावं लागतं, आणि दाराशी उभे राहून वरची ओळ वाचली.

"तू केवढा?"

खण इतका लांब झाला होता की त्याला उत्तर द्यायला वेळ लागणार होता. पलीकडच्या टोकापासून श्वास गोळा करत तो येत होता. आतला गार वारा हळूहळू दाराकडे सरकताना लोकांना पायांवर जाणवला.

सुरंगी तेव्हा आत बसलेली होती, बटणापासून तीन विती पांढऱ्यावर, जिथून आईला सुरुवात होते तिथून जरा अलीकडे, बाजूच्या भिंतीला चिकटून. श्वास तिच्या मागून येत होता. तो तिच्यापाशी पोचायच्या आत तिने दाराकडे तोंड केलं आणि जितका जाड काढता येईल तितका आवाज काढून ती म्हणाली,

"चार."

खण खोटं बोलतो असं त्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं. विश्रामचा हात पुढे आला, एक, दोन, तीन, आणि चौथ्या वितीच्या काठाशी, तिच्या पायाच्या अंगठ्याजवळ, थांबला. पट्टी तिथेच संपत होती. हाताची लाकडी बोटं पुढे आली नाहीत.

आणि खण म्हणतो तेवढाच असतो.

दोनशे छप्पन्नाव्या वितीवरची भिंत निघाली. ती घाईने येत नव्हती. येताना वाटेत जे जे होतं ते पुढे ढकलत येत होती. शिट्टी, खोकणं, पेजेचा वास, सगळं एकमेकांत दाबलं जात होतं, बारीक होत होतं. छतही खाली येत होतं. सुरंगीने मागे वळून बघितलं नाही. पाठीमागून, अगदी जवळून, आजवर कधी नव्हता इतक्या जवळून आवाज आला, "...ये इकडे. वेणी राहिलीय."

सुरंगीने गुडघे पोटाशी घेतले. वाकड्या वेणीची रिबीन सोडली, तोंडात धरली, आणि पाठ करून बसली, उजेडाकडे.